खिडकीतून आलेली वायर

गारपिटीत विजेचे खांब पडले, त्याला चार दिवस झाले होते. भर थंडीत आमची खिडकी उघडीच होती, कारण तिच्यातून वायर आत घेतली होती. बाहेर शेजारच्या दत्तूकाकांचा ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडत होता. त्याच्या बॅटरीला काकांच्याच टेम्पोतला छोटा इन्व्हर्टर जोडलेला, आणि त्यावर आत माझ्या वडिलांचं, अण्णांचं ऑक्सिजनचं मशीन चाललेलं. ट्रॅक्टरचा आवाज जरा अडखळला, की मी खिडकीकडे धावायचे. लाइट गेली की अंधार होतो, एवढंच मी आजवर समजत होते. माणसाचा श्वासही खांबाखांबावरून घरात येतो, हे कुठे ठाऊक होतं?

दुपारी गल्लीत एकच ओरडा झाला, "आली, आली!"

आता मशीनची पिन काढून भिंतीवरच्या बोर्डात लावायची होती. दोन सेकंदांचं काम.

"काढ की गं," काका खिडकीतून म्हणाले.

"आणि परत गेली तर?"

पिनेवरचा माझा हात हलेना.

अण्णांनी तो बाजूला केला. खोल श्वास भरून घेतला आणि विहिरीत उडी मारावी तसे डोळे मिटून त्यांनी स्वतःच पिन उपसली.