पहिली ‘ब’चं शेवटचं नाव

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या उतारावर एक म्युनिसिपल शाळा होती. तिथले हेडमास्तर दर चार-पाच वर्षांनी बदलत. गुणाजी धुरी मात्र शाळा उघडली त्या एकसष्ट सालापासून तिथेच होता. कागदोपत्री तो शिपाई. पण कुठलं दार पावसात फुगतं, कुठल्या पोराची आई सकाळपाळीला जाते, कुणाला गणिताच्या तासालाच नेमकं पोटात दुखतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. पोरं त्याला मामा म्हणत. हा मामा सगळ्यांशी आपल्या वेंगुर्ल्याच्या मालवणीत बोले, मग समोरचा साताऱ्याचा असो की जौनपूरचा. समोरच्यानं समजून घ्यावं, त्याला काय झालंय, असा एकूण खाक्या.

एक गोष्ट मात्र त्याला येत नव्हती, आणि ती नेमकी शाळेत शिकवतात तीच. गुणाजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. अठरा वर्षं त्यानं फळे पुसले, पण त्यांवर काय लिहिलंय ते त्याला कधी कळलं नाही. पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचा आणि विडी ओढायला मागच्या बाजूला जायचं. त्याची लाज वाटते का, असं कुणी विचारलं असतं तर त्यानं विचारणाऱ्याला हाकलून दिलं असतं, म्हणजे वाटत असणारच.

मग एकोणऐंशी साली रत्नप्रभाबाई आल्या आणि त्यांना पहिली ‘ब’ मिळाली. खणखणीत आवाज, आणि एक अक्षर दहा वेळा शिकवतानाही न चिडण्याची देणगी. पोरांचं लक्ष बाहेर जातं म्हणून त्या वर्गाची व्हरांड्याकडची खिडकी कायम बंद असे. खिडकीची एक पट्टी तुटलेली होती. बाई शिकवू लागल्या की व्हरांडा झाडणाऱ्या गुणाजीचा झाडू नेमका त्या फटीपाशी रेंगाळे. महिन्याभरात व्हरांड्याचा तेवढाच तुकडा असा लख्ख झाला की येणारे-जाणारे तिथून घसरायला लागले. बाईंच्या काय ते ध्यानात आलं. त्या कुणाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या, पहिल्यांदा ती खिडकी सताड उघडली आणि फळ्यावरचं अक्षर वीतभर मोठं काढलं. तेव्हापासून रोज हेच. पाच वर्षांत दोघं या विषयावर कधी बोलले नाहीत. गुणाजी दुकानांच्या पाट्या वाचायला लागला, मग पेपरातले मथळे. पगाराला मात्र तो अंगठाच देई. पन्नाशी उलटल्यावर अचानक सही कशी ठोकायची, लोक काय म्हणतील, असा विचार करून तो गप्प राहिला.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात पहिलीची नावनोंदणी झाली. वॉर्डाचे साहेब स्वतः टेबलाशी बसले होते. ज्या पोराला जन्माचा दाखला नाही, त्याची परीक्षा सोपी: उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं, नाही लागला तर पुढच्या वर्षी या.

औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुणारी द्रौपदी आपल्या जयाला घेऊन आली. दाखला नव्हता, पोर गावी, माण तालुक्यात, घरीच जन्मलेली. जयानं मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली, टाचा उचलल्या, पण बोट कानाच्या अलीकडेच राहिलं. कमी पडलं ते जेमतेम एका बोटानं.

“साहेब, सहाची हाय ती. मी आई हाय, मला ठावं नसंल?” द्रौपदी म्हणाली.

“बाई, मलाही नियम ठाऊक आहे,” साहेब म्हणाले. “फार तर जूनमध्ये पुन्हा बघू.”

हेडमास्तर भाऊराव पिसाळ मनानं चांगले. त्यांनी जयाचं नाव यादीच्या तळाशी पेन्सिलीनं लिहून ठेवलं. जया फाटकाशी येऊन भोकाड पसरून रडली. गुणाजीनं तिच्यापुढे उकिडवं बसून हातातली पाण्याची वाटी दिली.

“रडा नको गो चेडवा. मे महिन्यात गावाक जातंस मा? थंय झाडाक लोंबकाळ. रोज. हात आपसूक वाढतलो.”

द्रौपदीला हसू आलं. जयाला आलं नाही. तिनं ते मनावर घेतलं.

जाताना साहेबांनी हेडमास्तरांना बजावलं. गिरण्या बंद पडल्यापासून भटवाडीतली बिऱ्हाडं मे महिन्यात गावी जात ती परतायचं नावच काढत नसत. कुणी पेरणी आटपून जुलैत उगवे, कुणी येतच नसे. तेव्हा यादीतल्या नावांना अर्थ नाही. “पंचवीस जूनला मी येऊन डोकी मोजणार. पहिली ‘ब’त पस्तीस पोरं बसलेली दिसली तर तुकडी राहील. एक जरी कमी भरलं तर बंद, आणि बाईंची बदली.” मागच्या वर्षी त्या दिवशी तिसरी ‘ब’त एकवीस भरली होती. आता तिथे मोडके बाक रचलेले होते.

गुणाजीनं हे दाराआडून ऐकलं. त्या वर्गात मोडके बाक? ती खिडकी पुन्हा बंद? त्या मे महिन्यात बायको रुक्मिणी दिरा-जावांबरोबर एकटीच वेंगुर्ल्याला गेली. हा गेला नाही. “आंबे काय शाळेत पिकतत?” असं विचारून ती एसटीत चढली.

मोकळ्या शाळेत गुणाजीनं कामाचा धडाका लावला. फळ्यांना काळ्या रंगाचे दोन हात दिले. बसकरपट्ट्या सोड्यात भिजवून, बडवून कंपाउंडच्या भिंतीवर वाळत टाकल्या. पितळी घंटा चिंचेनं घासून अशी चमकवली की तिच्यात त्याला स्वतःचं नाक दिसायला लागलं. पुस्तकांचे गठ्ठे आले ते इयत्तावार लावले. आणि रोज दुपारी, हे सगळं झाल्यावर, पहिली ‘ब’च्या जमिनीवर पालथा पडून तो पोस्टकार्डं लिहीत बसे.

नावनोंदणीच्या अर्जांवर गावचे पत्ते होते. अक्षर न् अक्षर काढत त्यानं एकोणचाळीस कार्डं लिहिली. आयुष्यात लिहिलेली ती पहिलीच पत्रं. मजकूर सगळीकडे सारखा, कारण नवीन मजकूर सुचायला वेळ लागतो: ‘शाळा तेरा जूनला उघडणार. फळा नवा केला आहे. तुझी पाटी मी बाजूला ठेवली आहे. पंचवीस तारखेच्या आत ये. तुझा, गुणाजी शिपाई.’ चाळिसावं कार्ड जयाला. त्यात एक ओळ जास्त होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाऊराव हजर झाले. गुणाजीनं मोठ्या फुशारकीनं त्यांना सांगितलं, की सगळ्यांना पत्रं धाडली आहेत. ती कुणाकडून लिहून घेतली ते त्यांनी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही.

“झकास! पण पत्ता काय घातलास? पोरांच्या बापांची नावं नीट होती ना?”

“बापाशींची कशाक? पोरांचीच घातलंय.”

भाऊरावांनी कपाळावर हात मारला. “अरे, सहा वर्षांच्या पोराला कोण पत्र लिहितं? पत्र पालकाला लिहायचं असतं. पोस्टमन फेकून देईल ती कार्डं. वाट लागली!”

गुणाजीचा चेहरा खर्रकन उतरला. अर्जावर पहिल्या ओळीत पोराचं नाव होतं, तेच त्यानं इमानेइतबारे उतरवलं होतं. शाळेत पोरांनाच तर बोलवायचंय, मग पत्र दुसऱ्या कुणाला लिहायचं? त्याला वाटलं, लिहिता येणं आणि कसं लिहायचं ते कळणं वेगळं असावं. रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

तेरा जूनला शाळा उघडली. पहिली ‘ब’त बारा पोरं. रत्नप्रभाबाई हसतमुखानं शिकवत होत्या, पण दर थोड्या वेळानं त्यांची नजर रिकाम्या पट्ट्यांकडे जाई. आणि मग अठरा तारखेपासून एकेक पोर उगवू लागलं. कुणाच्या गालावर करवंदाचे डाग, कुणाच्या सदऱ्याला फणसाचा चीक. दर पोराबरोबर एक वैतागलेला पालक.

नंदू परबचा बाप तर थेट गुणाजीवरच घसरला. “काय रे गुणाजी, पोराच्या नावानं कार्ड धाडतोस? पोस्टमन माझ्या हातात देईना, म्हणतो, ज्याचं नाव त्यालाच देणार! अख्ख्या वाडीसमोर त्याच्या हातात दिलं आणि वाचून दाखवलं. त्या दिवसापासून हा कार्ड उशाशी घेऊन झोपतो. पेरणी अर्धी टाकून आलोय मी. म्हणतो, माझी पाटी तिथं बाजूला ठेवलीय, ती दुसरा घेईल!”

गुणाजी ऐकत होता आणि त्याचं तोंड हळूहळू रुंदावत होतं. असंच प्रत्येक घरी झालं होतं. आयुष्यातलं पहिलं पत्र, आणि तेही स्वतःच्या नावाचं; आता पोरं आईबापांना गावी टिकू देणार होती थोडीच! बापाच्या नावानं गेलेलं कार्ड बापानं वाचलं असतं आणि वळचणीला खोचून ठेवलं असतं. भाऊरावांनी शांतपणे चष्मा पुसला आणि ते गुणाजीला म्हणाले, “मी त्या दिवशी काही बोललोच नव्हतो, समजलास?”

पंचवीस तारीख उजाडली. साहेब सकाळीच आले, वर्गाच्या दारात उभे राहिले आणि बोट नाचवत मोजू लागले. दुसऱ्यांदा मोजलं. चौतीस.

रत्नप्रभाबाईंनी खडू टेबलावर ठेवला. गुणाजी व्हरांड्यात झाडू घट्ट धरून उभा होता. त्याला खरोखर रडू येत होतं. पाच पोरं आली नव्हती, त्यातलं एकही आज येईल असं दिसत नव्हतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“मामाऽऽ!”

फाटकातून द्रौपदी धापा टाकत येत होती, डोक्यावर बोचकं, आणि पुढे जया, अनवाणी, सुसाट.

“इली!” गुणाजी एवढ्यानं ओरडला की दुसरीतली पोरं खिडक्यांना येऊन चिकटली.

“हिचं नाव पेन्सिलीनं आहे,” साहेब यादी बघत म्हणाले. “दाखला आणलात?”

“दाखला न्हाई. हात आणलाय,” द्रौपदी म्हणाली. “महिनाभर दारातल्या कडूलिंबाला लोंबकळतीय पोरगी. जेवायला बोलवली तरी तिथंच. हाताला फोड आलं हिच्या!”

जया कुणी सांगायची वाट न बघता वर्गाच्या मधोमध उभी राहिली. उजवा हात डोक्यावरून नेला. मान सरळ, टाचा जमिनीवर. बोटं कानावर आली आणि कानाची पाळी तिनं गच्च पकडली. हात दोन महिन्यांत लिंबामुळे वाढला की वयानं, ते लिंबालाच माहीत.

चौतीस पोरांनी एकच गिल्ला केला. साहेबांनाही हसू आलं. “ठीक आहे. सोड आता.”

जया कान सोडेना.

“अगं सोड. झालं तुझं.”

“मामांनी सांगितलंय,” जया म्हणाली आणि दुसऱ्या हातानं फ्रॉकच्या खिशातून घडी पडलेलं कार्ड काढून तिनं साहेबांपुढे धरलं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ होती: ‘कान सापडला की साहेब नाव लिहीपर्यंत सोडू नको.’

“हे कुणी लिहिलं?”

भाऊरावांनी आता पहिल्यांदाच त्या कार्डावरचं टपोरं, गोलगरगरीत अक्षर पाहिलं, मग फळ्याकडे पाहिलं. दोन्ही अक्षरं सारखी होती.

“मिया,” गुणाजी खिडकीतून म्हणाला. त्याची मान खाली होती.

“तुम्ही? पगाराच्या कागदावर तर तुमचा अंगठा असतो, मी दर महिन्याला बघतो. कुठे शिकलात?”

“हंयच, सायबानू. पयली ब.” आणि झाडूनं त्यानं पायाखालची ती लख्ख फरशी दाखवली. “हंयसून.”

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. बाई पदरानं डोळे टिपत होत्या आणि हसतही होत्या. “पाच वर्षं हजेरी लावताहेत,” त्या म्हणाल्या. “एक दिवस खाडा नाही.”

“मग यांचं नाव पटावर का नाही?” साहेब दटावल्यासारखं म्हणाले, पण ते त्यांना नीट जमलं नाही. त्यांनी पेन्सिलीच्या नावावरून शाईचं पेन फिरवलं. जया कुंडलिक सोनवणे. तेव्हा कुठे जयानं कान सोडला. तो लालबुंद झाला होता. गुणाजीनं कोपऱ्यातल्या खोक्यातून एक पाटी आणून तिच्या हातात दिली. सांगितल्याप्रमाणे बाजूला ठेवलेली.

त्या महिन्याच्या पगाराला गुणाजीनं सही केली. भाऊराव म्हणतात, त्याला त्या एका सहीला पुरतं दीड मिनिट लागलं आणि रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही.

त्या पंचवीस तारखेला साहेब गेल्यावर बाई पुन्हा फळ्याकडे वळल्या. घंटा व्हायला अजून अर्धा तास होता. गडबडीत कुणीतरी खिडकीचं एक दार लोटलं होतं, ते त्यांनी जाऊन उघडलं. त्या दिवसाचा धडा गुणाजीला पाच वर्षांपासून पाठ होता. तरी तो खिडकीपाशी आला आणि तास संपेपर्यंत तेवढीच फरशी झाडत राहिला.