पप्पांनी भरलेले आकडे

पप्पांना जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेला, म्हणजे त्यांच्यासाठीच्या प्रार्थनाविधीला, आईला चर्चमध्ये नेता येणार नव्हतं. ते गेल्यावर आठवड्याभरात ती ओटीवरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घराची पायरी उतरायलाही मनाई केली. बायको-मुलं चर्चला गेली, मी सांडोरच्या घरी आईपाशी थांबलो. आमच्या चर्चची मिस्सा वेबसाइटवर थेट दिसते. सुरुवातीलाच फादर ती कोणासाठी आहे त्याचं नाव वाचतात. आईला ते नाव ऐकायचं होतं. मोबाइलवर तिला धड दिसत नाही, म्हणून पप्पांच्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ठेवून तिला बसवलं. हाताशी वीस मिनिटं होती.

वेबसाइट उघडेना. पत्ता सापडत नाही, एवढाच निरोप. दुसरी उघडून पाहिली, तेच. राउटर बंद करून चालू केला, वायर काढून घातली, मग केबलवाल्याला फोन लावून आवाज चढवला.

"साहेब, लाइन चालू आहे," तो म्हणाला. "मोबाइलवर बघा ना."

मोबाइल त्याच वायफायवर सुरळीत चालत होता. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या बिचाऱ्याला उगाच भोवला.

"झालं का रे?" आईने विचारलं.

"होतंय, होतंय."

सेटिंगमध्ये शिरलो. कॉम्प्युटरला वेबसाइटचं नाव सांगितलं तरी तिचा आकड्यांतला पत्ता त्याला कुणाला तरी विचारावा लागतो. आमच्या गावातही नुसतं आडनाव घेऊन आलेल्याला घर सापडत नाही, नाक्यावर विचारावंच लागतं. कुणाला विचारायचं हे बहुतेक कॉम्प्युटरांवर आपोआप ठरतं. इथे मात्र दोन ओळी आकडे हाताने भरलेले होते. नातवंडं कॉम्प्युटरवर बसू लागली तेव्हा त्यांच्यासमोर नको ते येऊ नये म्हणून पप्पांनी वाईट वेबसाइट गाळणारी एक सेवा शोधली होती, तिचे ते आकडे. निवृत्त मास्तर, शिस्तीचे पक्के. मोबाइलवर शोधलं तर ती सेवा तीन महिन्यांपूर्वीच बंद झालेली. मी आकडे पुसले आणि ‘आपोआप’वर टिचकी मारली.

मेणबत्त्या लावलेला आल्तार, चर्चमधली वेदी, पडद्यावर आला. थोड्याच वेळात फादरांनी पप्पांचं नाव वाचलं. आईने क्रूसाची खूण केली आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. खरं सांगायचं तर वेळेत जमवलं म्हणून मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

मिस्सा संपल्यावर ती म्हणाली, "किती दिवसांनी दिसली."

"म्हणजे?"

"शेवटचे दोन महिने नव्हतीच दिसत. त्यांना चालवत नव्हतं, त्यांना सोडून मी एकटी कशी जाणार? मग रविवारी दोघं इथेच बसायचो. त्यांना सगळी मिस्सा पाठ. ते म्हणायचे, मी उत्तरं द्यायची."

तेव्हा मला आठवलं. गोखिवऱ्याहून इथे यायला मला अर्धा तास लागतो. त्या दिवसांत एकदा आलो तेव्हा पप्पा म्हणाले होते, "नेटचं जरा बघ ना." मी दारातच मोबाइल काढून पाहिला, "चालू तर आहे, पप्पा," म्हणालो आणि चहा पिऊन निघालो. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

"त्यांचा कागद आहे बघ ड्रॉवरात," आई म्हणाली.

वहीचं पान होतं. वर ते दोन आकडे, वळणदार अक्षरात. खाली पेन्सिलीने केलेल्या गोष्टी, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण: राउटर बंद-चालू केला. वायर तपासली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. शेवटच्या ओळीपुढे मात्र खूण नव्हती. तिथे लिहिलं होतं, ‘मुलगा निवांत असेल तेव्हा विचारणे.’