हरेशला बोटीवरून उतरवलं

परत तोच टोमणा नको, मंडळी. “मासे धरायला स्पेनला गेलास का पाढे पाठ करायला?” हे आपल्या एडवण गावच्या ग्रुपवर वर्षभर ऐकतोय.

हो, पाढेच आहेत. स्पॅनिशमध्ये काम करणे म्हणजे त्राबाखार. त्यातला शेवटचा ‘आर’ काढायचा आणि काम कोण करतं ते बघून शेपूट लावायचं. मी करतो, त्राबाखो. तू करतोस, त्राबाखास. आम्ही करतो, त्राबाखामोस. एक जमलं की तसली बाकीचीही जमतात. मी सातवीत शाळा सोडली, तरी मला जमलं.

माझ्यासोबत आलेला आपला हरेश हसायचा. “आपल्याकडं बोट चालवणारा तांडेल नुसता हात हलवतो, आपल्याला कळतं. जाळं ओढायला बोलायचं कशाला?”

आज सकाळी मालकाने आम्हा दोघांना बोलावलं. मासळी कमी झाली, एकालाच ठेवणार म्हणाला. काय काय करता, विचारलं. मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, आम्ही दोघं ओढतो, धुतो, कापतो. हरेशने हाताने करून दाखवलं. जाळं तो माझ्यापेक्षा चांगलं ओढतो, हे मालकालाही माहीत आहे. तरी हरेशलाच काढलं.

बॅग भरताना हरेश म्हणाला, “आता शिकव मला तुझे पाढे. येळच येळ हाय.”

आपल्या बोटीवरून असं कोणाला उतरवलं असतं का, सांगा.

हरेशच्या आई इथे वाचतात. मावशी, या महिन्याला त्याचे पैसे येणार नाहीत. मी पंधरा हजार पाठवतोय.