गोटा न झालेले टायर

मोटारसायकलचा टायर कधी बदलायचा, याचं आमच्या घरी एकच उत्तर होतं: गोटा झाला की. म्हणजे वरच्या खाचा झिजून तो पार गुळगुळीत झाला की. हे उत्तर आम्ही साताऱ्याहून थायलंडला नेलं. तिथे ते बरोबर ठरलं, म्हणून कॅनडातही घेऊन आलो. सामानात काय काय येतं, आपल्याला तरी कुठे कळतं?

थायलंडमध्ये आम्ही काही वर्षं होतो. बँकॉकच्या दक्षिणेला, समुद्राजवळ, गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो. तिथे गाडी बारा महिने रस्त्यावर असायची. ऊन असं की दुपारी सीटवर टेकवत नसे, आणि पाऊस आला की रस्त्याचा ओढा व्हायचा. टायर भराभर झिजायचे. कोपऱ्यावरच्या दुकानात बायको आणि मी प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून बर्फ घातलेला चहा प्यायचो, तेवढ्यात नवा टायर चढलेला असे. पावसात रस्ता धरणारा मऊ टायर घ्यायचा, झिजवायचा, दुसरा घ्यायचा. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

पावसात आम्ही दोघं एकाच रेनकोटाखाली असायचो. तिकडे सगळेच तसे जातात. पुढच्याने रेनकोट अंगावर चढवायचा आणि मागच्याने त्याच्या पाठीमागे आत शिरायचं. आत बसल्यावर हिला माझ्या पाठीशिवाय काहीही दिसत नसे. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन ती आतून गप्पा मारायची आणि मध्येच विचारायची, "अहो, आलं का घर?" तिला कधी भीती वाटली नाही. मला ते फार आवडायचं, आणि हे तिला मी कधी सांगितलंही नव्हतं.

कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या केंब्रिजला आल्यावर मी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. एक जुनी पण दणकट मोटारसायकल घेतली. इथे तिचे दिवस मोजके. मे उजाडला की ती बाहेर, दसऱ्याला आत. लोक दसऱ्याला शस्त्रं बाहेर काढतात, आम्ही आमचं आत ठेवतो. सकाळी हिच्या कुंड्यांतला झेंडू थंडीतून वाचला असला तर त्याचा हार, हळदकुंकू, पेढा. मग दोघांनी ग्रँड नदीच्या काठाने एक शेवटची फेरी मारायची. परत आल्यावर बॅटरी काढून बेसमेंटमध्ये ठेवायची, पेट्रोल खराब होऊ नये म्हणून टाकीत औषध घालायचं, चाकं जमिनीवरून उचलून गाडी स्टँडवर चढवायची. आमच्या वर्षातला हा सण मला सगळ्यात जवळचा वाटतो, दिवाळीपेक्षाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात टायर बदलावेत असं माझ्या मनात आलं होतं. मी हिला म्हटलं तर हिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "कशाला? खाचा तर किती छान आहेत अजून." आमच्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा टाकला जात नाही, तिथे धडधाकट टायर कोण टाकणार? मलाही ते पटलं. आमचं दोघांचं एकमत क्वचित होतं, झालं ते नेमकं तेव्हा.

दसऱ्याच्या त्या फेरीत पाऊस नुकताच पडून गेला होता. घराकडे येताना राउंडअबाउटमध्ये मेपलची ओली पानं पसरली होती. आमच्या भागात हे राउंडअबाउट पावलोपावली आहेत. मी हळूच होतो, इतका हळू की सायकलवाला पुढे गेला असता. तरी मागचं चाक सटकलं आणि आम्ही आडवे झालो. मला खरचटलंसुद्धा नाही. ही कडेच्या गवतावर बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. हार तुटून झेंडू रस्त्यावर पसरला होता. "तुम्हाला लागलं का?" हेच तिने पहिलं विचारलं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. हॅलिफॅक्सला राहणारी आमची लेक फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट सेल इट. प्लीज." बायको मात्र गाडीचं नावच काढेना. फ्रीझरमधल्या पोळ्या आणायला गॅरेजमध्ये जायची तेव्हा गाडीला वळसा घालून जायची, इतकंच मला दिसायचं.

हिवाळ्यात एकदा मी त्या टायरांत नख रुतवून बघितलं. रुतलं नाही. रबर पार वाळलेलं होतं. कडेला छापलेल्या आकड्यांवरून टायर कधी बनला ते कळतं. ते वाचून मी कपाळावर हात मारला. इथे गाडी चालते थोडी आणि गारठ्यात उभी राहते फार. त्यामुळे टायर झिजतच नाही, तो नुसता म्हातारा होतो. खाचा दिसतात नव्यासारख्या, पण पकड गेलेली असते. गोटा व्हायची वाट बघत बसलो असतो, तर या देशात जन्म गेला असता.

ही मागे बसणार नसेल तर गाडी विकायची, हे मी तेव्हाच ठरवलं. एकट्याने हिंडायची हौस मला कधीच नव्हती. पण तिला तसं विचारायचं धाडस होईना. विचारलं असतं तर ती माझ्या समाधानासाठी बसली असती, आणि तसं बसणं मला नको होतं. बाहेर बर्फ शोव्हल करायचा आणि आत येऊन मनातल्या मनात गाडी विकायची, असा तो हिवाळा गेला.

एप्रिलमध्ये कारचे विंटर टायर काढायला दुकानात गेलो. पुढे ग्रोसरी करायची होती म्हणून ही बरोबर होती. त्या दुकानात मोटारसायकलींचंही काम होतं. विकायची झाली तरी असले टायर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचे नाहीत, म्हणून मी चौकशी केली. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक कडक रबराचा, वर्षानुवर्षं जाणारा. दुसरा मऊ, थंडीत आणि ओल्यात धरणारा, पण लवकर झिजणारा.

"पहिलाच बरा," मी हिला म्हणालो. "विकताना सांगता येईल, भरपूर टिकेल म्हणून."

"विकताना? विकायची कधी ठरली?"

"तसं ठरलं नाही. पण तू आता बसत नाहीस ना."

"अहो, हात प्लास्टरमध्ये, बाहेर गुडघाभर स्नो. बसू कुठे? गॅरेजमध्ये?"

मी कडक टायरवरचा हात काढून घेतला.

"भीती वाटते, खोटं कशाला सांगू," ती म्हणाली. "म्हणून तर विचारून घेतेय." आणि तिने वळून दुकानदाराला इंग्रजीत विचारलं, की राउंडअबाउटमध्ये, पाऊस पडून गेल्यावर, पानं पडलेली असताना यातला कोणता धरेल? त्याने मऊ टायरवर हात ठेवला.

"तो लवकर संपतो," मी म्हणालो.

"संपू दे. संपला की दुसरा घेऊ."

श्रीखंडाचे डबे जपणारी माझी बायको हे म्हणाली. मी उगाचच पलीकडची टायरांची चळत बघत उभा राहिलो.

नवे टायर आधी निसरडे असतात, पहिले शे-दीडशे किलोमीटर मागे कोणाला बसवू नका, असं दुकानदाराने सांगितलं होतं. टायर बसवून झाल्यावर मी एकटाच एअर नावाच्या जवळच्या गावापर्यंत जाऊन आलो, मग दोनदा पॅरिसपर्यंत. हे आपलं ऑन्टॅरिओतलं पॅरिस, अर्ध्या तासावरचं. मागची सीट रिकामी असली की गाडी किती हलकी लागते, ते मला अजिबात आवडलं नाही.

घरी आलो तर ही ड्राइव्हवेवर उभी होती. अंगात जाड जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात दोन लिंबं. दसरा लांब होता, पण टायर नवे होते. तिने एक लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवलं, एक मागच्या.

"झाले ना तुमचे किलोमीटर?"

"झाले."

"हळू घ्या हं."

ती मागे बसली. लिंबं चिरडली. रस्त्याला लागताना तिने नेहमीसारखा माझा खांदा धरला, उजव्या हाताने.