भाऊकाकांच्या दुकानातली निळाई

किस्से म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या लोखंडावरचा गंज. आज एक पुसून काढावा, तर उद्या त्याच्या शेजारी दुसरा उगवलेला! भाऊकाकांच्या बंदुकांच्या दुकानातले तर इतके साठलेत, की कुठला आधी सांगू असं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा गेले आणि मी दिल्लीचं शिक्षण संपवून घरी परतले. डोक्यात अहिंसा, निःशस्त्रीकरण, जग बदलायचं, सगळं शिगोशीग भरलेलं. बाबांचं रिव्हॉल्व्हर नियमाप्रमाणे भाऊकाकांच्या दुकानात जमा होतं. कुणाच्या नावावर लायसन्स काढायचं, विकायचं की मोडीत काढायचं? आई म्हणाली, "तूच ठरव." माझं ठरलेलंच होतं. मोडीत!

वाटलं होतं, दुकानात मिशांना पीळ देणारे शिकारी बसलेले असतील. "एका गोळीत लोळवला!" वगैरे चाललं असेल. जाऊन बघते तर चार म्हातारे नाकावर चष्मे ओढून एका पिस्तुलाच्या मुठीवर वाकलेले!

"शिसवी."

"अहो, अक्रोड! ह्या रेषा बघा. शिसवीत अशा वळतात का कधी?"

बाबांचे मित्र ते हेच. दुकानाचे मालक भाऊकाका, कोर्टापेक्षा दुकानात जास्त बोलणारे वकीलकाका, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारमामा आणि नाटे गावचे इसाकचाचा. चाचांची हयात जहाजांच्या इंजिनात गेलेली.

*

मोडीच्या कागदांसाठी माझ्या दुकानात खेपा सुरू झाल्या. एकदा मुंबईचं एक गिऱ्हाईक आलं. भाऊकाकांनी कौतुकानं एक जुनं रिव्हॉल्व्हर मऊ फडक्यावर ठेवलं. गिऱ्हाइकानं विचारलं, "किती लांब मारतो हा?"

भाऊकाकांनी फडकं परत गुंडाळलं. रिव्हॉल्व्हर कपाटात गेलं.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. तुम्ही एअरगन बघा."

तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, त्याचं काय चुकलं?"

वकीलकाका मध्येच म्हणाले, "अगो, हापूस हातात घेऊन कुणी विचारलं, ह्यात साखर किती, तर त्याला आंबा देशील? आधी हातात तोलायचं. मूठ तळव्यात बसली, नळी पुढे झुकली नाही, बोट आपसूक चापाशी आलं, की समजायचं जमलं. मग निळाई बघायची. गंज धरू नये म्हणून पोलादाला देतात ती निळाई कशी हवी? भर दुपारच्या समुद्रासारखी नको. दिवेलागणीच्या समुद्रासारखी हवी!"

"आणि गोळी?"

"गोळीचं काय? ती कुठल्याही दळभद्र्या नळीतून सुटते!"

*

भाट्ये गावच्या एका नारळवाल्यांचं पिस्तूल फार देखणं. पण घरात खोबरेल असताना विकतचं तेल कशाला, म्हणून ते पिस्तुलाला खोबरेल चोपडत. आमच्या हवेत चाललंही ते. मग ऐन थंडीत ते पुण्याला नेमबाजीच्या स्पर्धेला गेले. नाव पुकारलं, हे ऐटीत उभे राहिले, नेम धरला आणि चाप हलेना! खोबरेल आत थिजलेलं.

शेजारच्या नेमबाजानं विचारलं, "काय हो, बिघडलं का?"

"छे छे! कोकणातलं आहे. थंडी वाजतेय त्याला!"

आणि गोळ्या काढून पिस्तूल स्वेटरमध्ये घालून बसले!

*

दसऱ्याला दुकानात शस्त्रपूजा होई. सगळ्यात जास्त धाकधूक इसाकचाचांना! भटजींनी हळदीकुंकवाची बोटं पुढे केली, की चाचा ओरडायचे, "भटजीबुवा, ओलं नको! कोरडं वाहा! उद्या डाग पडेल तर तुमचा देव येणार काय घासायला?"

शेवटी तहच झाला. कुंकू पेटीला, झेंडू कपाटाला आणि हत्याराला नुसता नमस्कार. आपट्याचं सोनं मात्र चाचा सगळ्यांच्या आधी हक्कानं मागून घ्यायचे.

*

एके दिवशी मला राहवलं नाही. उभी राहून मी भाषणच ठोकलं. "ही माणसं मारायची यंत्रं आहेत! आणि तुम्ही त्यांना सुंदर म्हणता? लाज नाही वाटत?"

चौघांनी शांतपणे ऐकून घेतलं. वकीलकाका म्हणाले, "आक्षेप मंजूर."

खरीखुरी लढाई बघितलेले एकटे सुभेदारमामा. ते म्हणाले, "पोरी, फौजेतल्या हत्याराला मी कधी सुंदर म्हटलं नाही. तिथं बघायला सवड नव्हती. इथं बघतो, कारण इथं समोर कोणी नाही."

पण माझा निर्णय बदलला नाही. बाबांचं रिव्हॉल्व्हर मोडीत निघणार, हे मी पुन्हा बजावून सांगितलं. त्या दिवशी चहा आला, तो तसाच निवला.

*

मोडीच्या कागदांवर सही करायच्या आदल्या संध्याकाळी आई माझ्याबरोबर दुकानात आली. आयुष्यात पहिल्यांदा. चौघेही उठून उभे राहिले.

भाऊकाकांनी बाबांचं रिव्हॉल्व्हर काढलं. वकीलकाका आईकडे वळले. "वहिनी, ह्या समुद्राच्या हवेत अशी निळाई टिकवली ती एकट्या तुमच्या यजमानांनी. आम्ही हरलो. काय हात होता माणसाचा!"

आईनं रिव्हॉल्व्हर उचललं. अंगठ्यानं खटका सरकवून गोळ्यांचं चाक बाहेर पाडलं, ते रिकामं असल्याचं बघितलं, नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. आम्ही बघतच राहिलो.

"हात?" ती म्हणाली. "त्यांच्या हाताला घाम किती यायचा! धरलं की दुसऱ्या दिवशी तांबूस ठसे. तुम्हाला दाखवून घरी आले, की आधी माझ्याकडे द्यायचे."

भाऊकाका आईच्या बोटांकडे बघू लागले.

"मोडायचं तर मोडा," आई म्हणाली. "पण असं बोटांचे डाग घेऊन नको जायला. फडकं आहे का, भाऊभावजी?"

इसाकचाचांनी आपल्या खिशातलं फडकं झटकून पुढे केलं. आई स्टुलावर बसली आणि सावकाश पुसू लागली. मुठीपासून नळीकडे, एकाच दिशेनं. ते चौघे, लायसन्सवाले, शाळेतल्या मुलांसारखे उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेले आणि लायसन्ससाठी अर्ज केला. आईच्या नावानं.