भावजयीसाठी उपकारस्तुती

माझ्या बायकोला आणि धाकट्या भावाच्या बायकोला एकाच वर्षी कॅन्सर निघाला. दोघींनाही स्तनाचाच. आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला. भाऊ डोंबिवलीत, कोपरला. केमोच्या दिवसांत दोघी जावा फोनवर खूप बोलायच्या. उलटी कशाने थांबते, तोंड आलं की काय खावं. तशाही अवस्थेत माझी बायको जेवणाआधी हात जोडायची. एकदा म्हणाली, "आज पेज पोटात टिकली. थँक यू, प्रभू." मी शेजारी बसून मनात चरफडलो. एवढ्याशा पेजेचे कसले आभार?

पावसाळा संपता संपता ती गेली. भावजय बरी झाली.

नाताळच्या आधी भावाने घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली, ती बरी झाल्याबद्दल देवाचे आभार मानायला. फोनवर म्हणाला, "दादा, तू नाही आलास तरी चालेल, खरंच." तो असं म्हणाला म्हणूनच गेलो.

घर चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी भरलेलं. सतरंज्या, पेटी, आतून पुलावाचा वास. भावजयीच्या डोक्यावर नुकते कुठे केस येत होते. ती कोणाशी तरी हसून बोलत होती. माझ्याने बघवेना. ही राहिली, मग माझी का नाही?

पाळकसाहेबांनी छोटासा संदेश दिला. म्हणाले, "आपल्या भगिनीच्या विश्वासाने तिला वाचवलं." सगळे आमेन म्हणाले. मग माझी बायको कशाने गेली? अविश्वासाने? माझ्याकडे बघायचं मात्र सगळ्यांनीच टाळलं.

शेवटी ते म्हणाले, "थोरल्या बंधूंनी उपकाराची प्रार्थना करावी." भाऊ कावराबावरा झाला. मी उठलो. जेवणाबद्दल आभार मानले, घराबद्दल, जमलेल्या लोकांबद्दल, पेटी वाजवणाऱ्याबद्दलसुद्धा. जिच्यासाठी सभा होती, तिला सोडून सगळ्याबद्दल. आमेन म्हटलं आणि बसलो.

आत ताटं वाढली जात होती, तेव्हा भावजयीने मला गॅलरीत गाठलं.

"भाऊजी, मला वगळलंत तुम्ही."

"हो."

"मला राग नाही आला. पाळकसाहेब ते बोलले ना, तेव्हा मलाच उठून जावंसं वाटलेलं. ताईंचा विश्वास माझ्यापेक्षा कमी होता का? मी तर देवाला शिव्या घालत होते. त्या फोनवर माझ्यासाठी प्रार्थना करायच्या."

"तुझ्यासाठी?"

"रोज. शेवटी शेवटी आवाज फुटत नव्हता, तरी."

मला हे ठाऊक नव्हतं. ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण अंगाची आग आग झाली. तिला नीट श्वासही घेता येत नव्हता, आणि होता तो श्वास तिने हिच्यासाठी वापरला. देवाने नेमकी तीच प्रार्थना ऐकली.

"जेवून जा," भावजय म्हणाली. जेवलो.

त्यानंतर मी घरी जेवणाआधी भावजयीचं नाव घ्यायला लागलो. मन काही तयार झालं नव्हतं. बायकोचं काम अर्धवट राहू नये, एवढंच. "प्रभू, ती जिवंत आहे, तुझे आभार." कधी कधी तसाच, न बोलता जेवायचो.

मागच्या महिन्यात भावाचा फोन आला. तिचा खोकला जात नव्हता, डॉक्टरांनी स्कॅन सांगितला होता. बोलताना त्याचा आवाज कापत होता. आणि माझ्या मनात आलं, आता तुलाही कळेल. क्षणभरच आलं, पण आलं. मला स्वतःचीच शिसारी आली. फोन ठेवून तिथेच, ओट्यापाशी, गुडघे टेकले आणि पहिल्यांदा तिच्यासाठी खरोखर काही मागितलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. छातीत साधं इन्फेक्शन निघालं.

"दादा, क्लिअर आहे रे सगळं," भाऊ रडत म्हणाला.

"देवाचे आभार," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

हिच्यासाठी मागितलेलं त्याने पुन्हा ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर मात्र कितीतरी दिवस मी देवाशी बोललो नाही.