बाहेरची कडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या खोलीला कडी बाहेरून होती. घरी चार माणसं यायची असली की आई तिला आत ठेवी आणि कडी लावी. बहीण सात वर्षांची होती. बोलत नसे, नजर देत नसे, अचानक कुणी हात लावला की कान दाबून किंचाळे. डोंबिवलीचे डॉक्टर म्हणाले होते, मोठी झाली की सुधारेल. कल्याणच्या आत्याला तेवढा धीर नव्हता. "यंदाच्या हळदीकुंकवाला तमाशा झाला, तर वैशाखात मी हिला कोकणात नेऊन ठेवते," तिने सांगून टाकलं होतं. आई 'नको' म्हणाली नाही. त्याची मला भीती वाटली.

मी ठाण्याला इंग्रजी शाळेत जायची. चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. पण वर्गाच्या भिंतीवर टाइमटेबल असे. पुढचा तास कुठला हे दिसलं की माझी धडधड थांबायची. बहिणीला पुढे काय होणार हे कुणी कधी दाखवलंच नव्हतं. आम्ही नुसते बोलायचो.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर मी चित्रं काढली. सतरंजी, कुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, भिजवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं. चित्रं ओळीने दोरीला अडकवली. एक गोष्ट झाली की ते चित्र उलटं करायचं. पहिल्या दिवशी तिने बघावं म्हणून मी तिची हनुवटी धरली. ती चावली. बरोबरच केलं तिने. त्यानंतर मी समोर नाही, शेजारी बसू लागले. कुंकू तिचं तिने लावायचं, आरशात बघून. हरभरे तिला आवडत. तासन्तास जमिनीवर त्यांच्या रांगा लावी. म्हणून बायकांच्या ओटीत हरभरे घालायचं काम तिला दिलं. पंधरा दिवस रोज दुपारी आम्ही दोघी रिकाम्या खोलीत हळदीकुंकू करत होतो.

त्या दिवशी मी आईकडे कडी न लावण्याचा हट्ट धरला आणि चित्रांची दोरी बाहेरच्या खोलीत बांधली. बायका जमल्या. बहीण बाहेर आली, कुंकू लावलं, चित्र उलटं केलं. अत्तर झालं. मग शेजारच्या काकूंनी गुलाबदाणी हलवली आणि तिच्या तोंडावर पाणी उडालं. ती आडवी पडून किंचाळू लागली. सराव मी रिकाम्या गुलाबदाणीने केला होता. चूक तिची नव्हती.

"बघितलंत?" आत्या उठली. "घाला आत तिला."

मी बहिणीच्या खोलीच्या दारात उभी राहिले. "नाही."

"बाजूला हो गं."

"तिला हात लावायचा नाही. कुणीच."

"इंग्रजी शाळेत हेच शिकवतात वाटतं? मोठ्यांना दटावायला?"

"हे मी घरीच शिकले," मी म्हणाले. मी दारातून हलले नाही. "पाच मिनिटं कुणी बोलू नका."

आश्चर्य म्हणजे सगळ्या गप्प बसल्या. मी तिच्याजवळ, हातभर अंतरावर बसले. किंचाळणं ओसरलं तेव्हा गुलाबदाणीचं चित्र काढून फाडलं आणि हरभऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवलं. बराच वेळ ती तिकडे बघत राहिली. मग उठली. प्रत्येकीच्या ओटीत एक मूठ. रांग संपली तशी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला काकूंचा पदर भरला. "अगं बाई, आता उसळच करते घरी जाऊन," त्या म्हणाल्या, आणि बायका हसल्या. आत्याच्या ओटीतही तीन मुठी पडल्या. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडीचे चारही स्क्रू काढले.

"कडी कुठाय?" आईने विचारलं.

"विहिरीत."

"आत्या काय म्हणेल?"

"म्हणू दे."

 वाऱ्याने दार एकदा आपटलं, आतून बहीण ओरडली. मी काही बोलायच्या आत आई आपलं जुनं लुगडं घेऊन आली, त्याची पट्टी फाडली आणि दार आपटू नये म्हणून चौकटीच्या खाचेत बसवू लागली.